मैलांची मजुरी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'विमानप्रवास' असे सांगितले. आपल्याला फोनवर नीट ऐकू आले नाही अशी त्यांची समजूत झाली, आणि त्यांनी पुन्हा विचारले. त्यांचा दोष नाही. मागे एकदा याच व्यासपीठावरून आम्ही ग्रॅच्युइटीच्या कायद्यावर तासभर बोललो होतो आणि तिसऱ्या रांगेतील दोन सद्गृहस्थ त्या तासात स्वस्थ झोपले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून या खेपेस जरा आकाशात जावे असे ठरविले. परंतु जन्मभर कामगारांत वावरलेला माणूस आकाशात गेला तरी तेथेही मजुरीच शोधणार. तेव्हा नाव 'मैलांची मजुरी'. आणि 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. युनियनच्या माणसाला 'मी' म्हणण्याची सवय राहत नाही, एवढेच.

आमच्या बहिणीचा मुलगा लंडनला संगणकाच्या नोकरीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आज सोफियाला जाऊन आलो." सोफिया ही बल्गेरियाची राजधानी, एवढे भूगोल आम्हांसही ठाऊक होते. आम्ही विचारले, "काय काय पाहिलेस?" तो म्हणाला, "विमानतळ."

आम्हांस वाटले, काही अडचण आली असेल, शहरात जाऊ दिले नसेल. तसे काही नव्हते. सकाळी लंडनहून निघाला, सुमारे दोन हजार किलोमीटर उडाला, सोफियाला उतरला, आणि जे विमान आले तेच परत जाणार होते त्यात पुन्हा बसून लंडनला आला. दोन्ही वेळा बिझनेस क्लासने. विमानातील ज्या बाईंनी जाताना चहा दिला त्यांनीच येताना त्याला ओळखले आणि हसून विचारले, काही विसरलात का? हे ऐकून त्याच्या आईने कपाळाला हात लावला. आम्ही मात्र त्याला पुरते दीड तास फोनवर धरून ठेवले, कारण येथे काहीतरी हिशेब आहे याचा वास आम्हांस आला.

हिशेब असा होता. ब्रिटिश एअरवेज या कंपनीच्या प्रवासी-मंडळात तेव्हा साध्या सभासदाच्या वर तीन पायऱ्या होत्या : ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड, म्हणजे कांस्य, रौप्य, सुवर्ण. प्रत्येक उड्डाणाला ठरावीक पॉइंट मिळत. वर्षात ६०० पॉइंट झाले की सिल्व्हर, १५०० झाले की गोल्ड. आता युरोपात जवळच्या गावी बिझनेस क्लासने गेले तर एका खेपेला ४० पॉइंट मिळत, पण अंतर एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की तेच ८० होत. सोफिया त्या मर्यादेच्या थोडे पलीकडे. म्हणजे जाऊन-येऊन १६०. अशा चार वाऱ्या केल्या की ६४०, आणि माणूस रौप्यपदाला पोहोचला. मग पुढे वर्षभर साध्या वर्गाचे तिकीट काढले तरी विमानतळावरच्या खास दालनात बसावयास मिळे, जागा आगाऊ निवडता येई, सामान अधिक नेता येई. आमचा भाचा दर वर्षी आईला भेटावयास मुंबईला येतो. त्याचे म्हणणे असे, की चार शनिवार घातले, तिकिटे सवलतीच्या दिवसांत काढली, तर हिशेब फायद्यात पडतो. इंग्रज लोकांत हा छंद चांगला रूढ होता; असे प्रवासी एकमेकांना विमानतळावर पाहून ओळखतही असत.

या बिझनेस क्लासविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमची कल्पना अशी, की मोठी खुर्ची, पाय पसरावयास जागा, राजेशाही थाट. दूरच्या प्रवासात तसे असते. परंतु युरोपातल्या युरोपात खुर्ची तीच, मागच्या लोकांची असते तशीच. तीन खुर्च्यांपैकी मधली रिकामी ठेवतात, तिच्यावर एक लहानसे मेज बसवितात, जेवण देतात आणि मध्ये एक पडदा लावतात. हा पडदा सरकता असतो. ज्या दिवशी महागडी तिकिटे जास्त खपली त्या दिवशी पडदा चार ओळी मागे जातो, ज्या दिवशी कमी खपली त्या दिवशी पुढे येतो. काल जी आठवी ओळ साधी होती ती आज उच्च वर्गात असते. आम्ही वर्गभेदावर बरीच पुस्तके वाचली, काही कळली, काही नाही कळली. पण वर्गभेद हुकाला अडकवून मागेपुढे सरकविता येतो हे आम्हांस भाच्याने शिकविले.

ही युक्ती निघाली कोठे? अमेरिकेत. १९७८ पर्यंत तेथे कोणत्या कंपनीने कोठून कोठे उडावे आणि किती भाडे घ्यावे हे सरकारी मंडळ ठरवीत असे. त्या वर्षी ऑक्टोबरात कायदा झाला आणि ती बंधने काढून टाकण्याचे ठरले. कंपन्यांची झुंज सुरू झाली. एकाच्या विमानात आणि दुसऱ्याच्या विमानात प्रवाशाला फरक तो काय वाटणार? मग गिऱ्हाईक बांधून कसे ठेवावयाचे? १९७९ साली टेक्सस इंटरनॅशनल नावाच्या एका लहान कंपनीने किती मैल उडालात ते मोजून बक्षीस देण्याची पद्धत काढली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ती मोठ्या प्रमाणावर चालू केली. वारंवार येणारे गिऱ्हाईक कोण हे शोधण्यासाठी त्यांनी तिकिटांच्या संगणकात तेच तेच टेलिफोन नंबर पुन्हा पुन्हा कोठे दिसतात ते पाहिले. पुढे थोड्याच दिवसांत युनायटेडनेही आपली योजना काढली.

कामगारदिनी, म्हणजे १ मे रोजीच, हे व्हावे हा निव्वळ योगायोग. परंतु त्या वर्षाविषयी आम्हांस दोन शब्द अधिक सांगावयाचे आहेत. त्याच १९८१ च्या ऑगस्टात अमेरिकेतील विमानवाहतूक नियंत्रकांनी संप केला आणि अध्यक्ष रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक लोकांना एका फटक्यात कामावरून काढून टाकले. पुढच्या जानेवारीच्या १८ तारखेला आमच्या मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील त्यात होते. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. संप संपल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही, हे येथील जुन्या मंडळींना आम्ही सांगावयास नको. आणि ज्या टेक्सस इंटरनॅशनलने मैलांची बक्षिसे काढली, तिच्या चालकांनी कॉन्टिनेंटल ही मोठी विमानकंपनी ताब्यात घेतली आणि १९८३ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीचा अर्ज देऊन कामगारांशी केलेले करारच रद्द करून टाकले. विमाने तीन दिवसांत पुन्हा उडू लागली. पगार मात्र जवळजवळ निम्मे झाले. एका हाताने गिऱ्हाइकाची निष्ठा विकत घ्यावयाची आणि दुसऱ्या हाताने नोकराची निष्ठा मोडीत काढावयाची, हे दोन्ही उद्योग एकाच कचेरीत चालले होते. याचा कार्यकारणभाव लावण्याइतके आम्ही विद्वान नाही. तारखा तेवढ्या एकाखाली एक मांडून दाखविल्या.

आता एक प्रश्न. समजा, मालकाने तुम्हांस कामासाठी दिल्लीला विमानाने पाठविले. तिकीट मालकाचे, पण दगदग तुमची. रविवार तुमचा बुडाला, पोराचा वाढदिवस तुमचा चुकला. तर त्या प्रवासाचे मैल कोणाचे? ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. २००२ साली जर्मनीत काही पुढाऱ्यांनी सरकारी प्रवासाचे मैल खाजगी प्रवासाला वापरले असे उघडकीस आले आणि बर्लिनच्या आर्थिक व्यवहार खात्याचे प्रमुख ग्रेगोर गीझी यांनी त्यावरून राजीनामा दिला. तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने २००६ च्या एप्रिलात निकाल दिला, की खर्च मालकाचा असेल तर मैलही मालकाचे. आपल्याकडे केंद्र सरकारचा नियम त्याच धर्तीचा आहे : सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले मैल सरकारी कामासाठीच वापरावे. उलट अमेरिकेतील प्राप्तिकर खात्याने २००२ मध्ये सांगून टाकले, की कामाच्या प्रवासातील मैल कोणी स्वतःसाठी वापरले तर आम्ही त्यावर कर मागण्याच्या भानगडीत पडणार नाही. आम्हांस विचाराल तर जर्मन न्यायमूर्तींशी आमचे पटत नाही. तिकीट मालकाचे हे खरे, पण खुर्चीत दुखणारी पाठ मालकाची नव्हती. अर्थात आमचे मत त्या न्यायालयाने मागितलेले नव्हते.

हे मैल म्हणजे नुसती गंमत नव्हे, ती नाणी आहेत. आणि ती पाडण्याचा अधिकार कंपनीकडे आहे. कंपनी हे मैल बँकांना विकते, बँका ते आपल्या क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. कोणी किराणा घेतला, कोणी दवाखान्याचे बिल भरले, तरी मैल साठतात. विमान जमिनीवरून हललेलेही नसते. २०२० साली साथीमुळे विमाने उभी राहिली, तेव्हा युनायटेडने कर्ज काढण्यासाठी काय तारण ठेवले? आपली मैलांची योजना. त्या योजनेची किंमत कंपनीने सुमारे २२ अब्ज डॉलर मांडली. त्या दिवसांत साऱ्या कंपनीच्या शेअरांची बाजारातील किंमत साधारण तिच्या निम्मी होती. म्हणजे हिशेबाने पाहता विमाने, इंजिने, हँगर आणि हजारो माणसे यांची किंमत शून्याच्याही खाली, आणि किंमत ती लोकांच्या खात्यावरील आकड्यांची. डेल्टाने आणि अमेरिकननेही तेच केले.

हे दूरचे वाटत असेल तर मुंबईचे सांगतो. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईस उतरले. हजारो माणसे, त्यांत आपल्या अंधेरी-कुर्ल्याची, वसई-डोंबिवलीची कितीतरी, एका रात्रीत बेकार झाली. कित्येक महिन्यांचे पगार थकलेले. पण या कंपनीची मैलांची योजना आधीच वेगळी कंपनी करून ठेवलेली होती आणि तिचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा २०१४ सालापासून अबूधाबीच्या एतिहादकडे होता. विमाने बंद पडली, मैलांची कंपनी बंद पडली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती नवे नाव घेऊन उभी राहिली. कामगारांचे पगार आणि ग्रॅच्युइटी न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिल्या, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. प्रवाशाचा मैल जगला, कामगाराचा पगार अडकला. वेगळी पेटी करून ठेवण्याची बुद्धी पगाराच्या बाबतीत कोणाला सुचत नाही. (मागे ग्रॅच्युइटीवर बोलताना आम्ही हेच सांगत होतो, पण ते दोन सद्गृहस्थ झोपले होते.)

फार गंभीर झाले. एक गमतीची गोष्ट सांगतो. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने वाचले, की अमुक खाद्यपदार्थाची वेष्टने पाठविली तर मैल मिळतील. त्याने सर्वांत स्वस्त पदार्थ शोधला. ती होती खिरीसारख्या पुडिंगची लहान वाटी. त्याने अशा १२,१५० वाट्या विकत घेतल्या. खर्च सुमारे तीन हजार डॉलर, आणि मिळाले साडेबारा लाख मैल. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. आमच्या मनात मात्र पहिला प्रश्न आला तो हा, की बारा हजार वाट्यांची वेष्टने सोलली कोणी? त्याचेही उत्तर आहे. त्याने ती पुडिंगे साल्व्हेशन आर्मी या धर्मादाय संस्थेला दान दिली, आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी बदल्यात वेष्टने काढून दिली. शिवाय त्या दानाबद्दल त्याला करात सूट मिळाली. हा मनुष्य आमच्या युनियनमध्ये असता तर आम्ही त्याला खजिनदार केले असते, आणि दर महिन्याला हिशेब तपासला असता.

नॉर्वे देशाने या योजनांचा बंदोबस्त करून पाहिला. देशांतर्गत उड्डाणांवर मैल देण्यास तेथे २००७ ते २०१३ पर्यंत सर्व कंपन्यांना बंदी होती. कारण असे दिले, की मोठी कंपनी मैलांच्या दोरीने गिऱ्हाइके बांधते आणि नवी कंपनी उभी राहू शकत नाही. इंग्लंडात २०१९ च्या ऑक्टोबरात हवामानबदलाच्या सरकारी समितीसाठी झालेल्या एका अहवालात शिफारस होती, की जास्त उडावयास लावणाऱ्या अशा योजनांवर बंदी घालावी. तीन खुर्च्यांत दोन माणसे बसवून, कोठेही न जाण्यासाठी चार हजार किलोमीटर रॉकेलसारखे इंधन जाळावयाचे, याचे समर्थन आमच्या भाच्यालाही करता आले नाही. तो एवढेच म्हणाला, "मी नसतो तरी विमान गेलेच असते." हे वाक्य आम्ही संपाच्या दिवशी कामावर जाणाऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकले आहे.

पण तोही आमचाच भाचा. त्याने उलट विचारले, "मामा, तुम्ही कारखान्यात असताना तापात कामाला गेला होता ना, हजेरीच्या बक्षिसासाठी? आईने सांगितलंय मला." गेलो होतो. वर्षभर एकही खाडा नाही अशांना मालक स्टीलचा डबा देत असे. डिसेंबरचे नऊ दिवस उरले होते, अंगात सणसणून ताप होता, आणि आम्ही रात्रपाळीला गेलो. त्या रात्री आमच्या हातून मशीनवर एक चूक झाली. थोडक्यात निभावले, नाहीतर शेजारच्या माणसाची बोटे गेली असती. डबा मिळाला. अजून घरात आहे, त्यात पोहे असतात.

आणि म्हणून गेल्या पावसाळ्यात झालेली एक बैठक तुम्हांस सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्या गावात मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचविणारी जी मुले आहेत, त्यांतील वीस-बावीस जण उड्डाणपुलाखाली जमले होते. त्यांच्यापुढेही पायऱ्याच असतात. दिवसाला इतक्या ऑर्डर केल्या तर वर इतके पैसे. त्याला ती 'स्लॅब' म्हणतात. महिन्याच्या कामावरून कोणी वरच्या पायरीचा, कोणी खालच्या. वरच्याला कामाची वेळ आधी निवडता येते. एक मुलगा, वय बावीस असेल, सांगत होता : "काका, रात्री अकरा वाजले, धो धो पाऊस, स्लॅबला दोन ऑर्डर कमी. आठ किलोमीटर लांबची घेतली. ऑर्डरचे पैसे पेट्रोललाच गेले. पण ती घेतली नसती तर दिवसभराचं वरचं गेलं असतं." परत येताना त्याची गाडी घसरली. खांदा निखळला. स्लॅब एका ऑर्डरने राहिली.

हा मुलगाही त्या रात्री पोहोचविण्यासाठी गेला नव्हता, आकडा भरण्यासाठी गेला होता. आमचा भाचा चुकला असता तर त्याला दालनातील फुकटची कॉफी मिळाली नसती, आणि हा चुकला तर घरभाडे चुकते. एवढा फरक डोळ्याआड करण्याइतके आम्ही वेडे नाही. परंतु पलीकडे बसून आकडा ठरविणारी अक्कल एकाच शाळेत शिकलेली आहे. आकडा नेहमी असा ठेवावयाचा, की माणूस त्याच्या जवळ पोहोचावा आणि थोडा कमी पडावा. आणि आकडा बदलण्याचा हक्क आपल्याकडे ठेवावयाचा. त्या मुलांची स्लॅब बैठकीच्या आदल्याच आठवड्यात एका रात्रीत वाढली होती. सकाळी फोन उघडला तेव्हा कळले. आणि भाच्याचे काय झाले? १ एप्रिल २०२५ पासून त्या विमानकंपनीने हिशेबच फिरविला. अंतर आणि वर्ग यांवर पॉइंट देणे बंद. साधारण एका पौंडाच्या खर्चाला एक पॉइंट. सिल्व्हरला ७५००, गोल्डला २०,०००. सोफियाची वारी एका क्षणात निरर्थक झाली. भाच्याचा फोन आला. फार रागावला होता. म्हणाला, "मामा, विचारलंसुद्धा नाही आम्हाला." आमच्या तीस वर्षांच्या कामात इतक्या जणांनी हे वाक्य आम्हांस ऐकविले आहे, की आम्ही सवयीने विचारले, "तुम्ही किती जण आहात?" तो म्हणाला, "हजारो." "एकत्र बसलात का कधी?" तो म्हणाला, "विमानात बसलो होतो."

विमानातील नोकर मात्र एकत्र बसले, तेही सांगून टाकतो. उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी विमानातील परिचारकांचा तासाचा पगार विमान हलल्यावर सुरू होई. प्रवाशांना चढविणे, त्यांचे सामान वर कोंबणे, हे काम बिनपगारी. अमेरिकेत डेल्टाने २०२२ मध्ये प्रवासी चढण्याच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे देण्यास सुरुवात केली. १६ ऑगस्ट २०२५ रोजी एअर कॅनडाच्या सुमारे दहा हजार परिचारकांनी याच जमिनीवरच्या कामासाठी संप केला. सरकारने लगेच कामावर परत जाण्याचा हुकूम काढला. त्यांनी तो मानला नाही. चार दिवसांच्या आत तडजोड झाली आणि जमिनीवरच्या वेळेचेही पैसे देण्याचे कंपनीने कबूल केले. भाच्याला आम्ही हे सांगितले तेव्हा तो गप्प झाला. सोफियाच्या विमानतळावर ज्या तासात तो आपले पॉइंट मोजत बसला होता, त्या तासात हसून विचारणाऱ्या बाई खुर्च्यांच्या खिशांतील कचरा काढीत होत्या काय, हे त्याने पाहिले नव्हते.

पुलाखालच्या बैठकीत आम्ही ही सोफियाची गोष्ट मुलांना सांगितली. पाऊस थांबावयाचा होता, वेळ होता. मुले खूप हसली. पडद्याचे त्यांना फार आवडले. खांदा बांधलेला तो मुलगा मात्र हसला नाही. त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "काका, जेवायला काय दिलं त्यांना?"

हे आम्ही भाच्याला विचारलेच नव्हते. रात्री घरी गेल्यावर फोन केला. जाताना कोंबडी आणि बटाटे होते, तो म्हणाला, आणि येतानाही तेच होते, म्हणून येताना त्याने नको म्हटले. दुसऱ्या दिवशी पुलाखालून जाताना आम्ही थांबून त्या मुलाला ते सांगितले. "नको म्हटलं की परत नेतात का टाकतात?" त्याने विचारले. तेवढ्यात त्याच्या शेजाऱ्याचा फोन वाजला, ऑर्डर आली होती, आणि तो गाडी काढू लागला.